सोळा किलो चारशे ग्रॅमच्या सायकलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, आज मंगळवारी सकाळी दहा वाजता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो औषधाने. मला कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. बायको स्वयंपाकघरात आहे आणि मी काय लिहितो ते विचारत नाही; म्हणजे तिला सगळे कळलेले आहे असे समजावे. नाकात ऑक्सिजनची नळी आहे. तिच्यामुळे बोलायला त्रास होतो, लिहायला होत नाही. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले आहेत. ते भले गृहस्थ असल्यामुळे थोडे वाढवून सांगतात. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम १. माझ्यामागे राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. तिने ती मनाला येईल तशी वापरावी आणि कोणाचा सल्ला घेऊ नये, विशेषतः माझ्या थोरल्या भावाचा. तिचा वाणसामानाचा काटा मी पावणेदोन वर्षे बोल्ट मोजायला वापरला. "अहो, डाळीला ग्रीसचा वास येतोय," असे ती म्हणे. "वासाला वजन नसतं," असे मी म्हणे. काटा तिला परत करीत आहे. तिने नवीन घ्यावा हे बरे.

कलम २. थोरल्या भावास माझी पंक्चरची पहिली पेटी द्यावी. आत कानस, वाळलेली सोल्यूशनची नळी आणि रबराचे सात तुकडे आहेत. आमचे लग्न ठरत असताना हा माझ्या सासऱ्यांना दाराआड घेऊन गेला आणि म्हणाला, "पंक्चरवाल्याच्या हातात मुलगी देताय, पुन्हा एकदा विचार करा." माझे कान तिखट आहेत. मी ते बाहेरच्या बाकावर बसून ऐकले आणि चहा पीत राहिलो. मला ऐकू गेले नाही असे त्याला अडतीस वर्षे वाटत आले आहे. त्याला माफ केले असे इथे लिहिणार नाही, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम ३. दुकान, त्यातील स्टँड, पाने, कंप्रेसर व गिऱ्हाईक माझ्या भागीदारास मिळावे. त्याला सगळे 'मीटर' म्हणतात, कारण किती आवळले ते आकड्यात सांगणारा पाना हातात असल्याशिवाय तो साधा स्क्रूसुद्धा फिरवत नाही. मी मनगटाने आवळतो आणि कानाने ओळखतो. तीस वर्षे आम्ही यावरून भांडलो. कोपऱ्यावरून वळणाऱ्या सायकलीच्या चेनचा आवाज ऐकून मी मालकाचे नाव सांगत असे, आणि तो म्हणे, "तुझे कान एक दिवस तुला गोत्यात आणणार." या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. दाराआडची पाटीही त्याचीच: 'मोटर लावलेल्या सायकली येथे दुरुस्त होत नाहीत.' ती मी स्वतः रंगवली होती. रंग चांगला बसला आहे.

मागची रंगाची खोली मात्र त्याने पाडून टाकावी. भिंतीत खिडकी काढतो काढतो म्हणत ती राहिली. तीस वर्षे तोंडाला रुमाल बांधून मी तिथे फ्रेमवर फवारा मारला. मीटर मास्क आणून द्यायचा, मी तो खुंटीला लावायचो. मास्क घातल्यावर फवाऱ्याचा आवाज नीट येत नाही, असे माझे म्हणणे होते.

कलम ४. आता सायकल. ही या मृत्युपत्रातील मुख्य वस्तू आहे, म्हणून तिचे वर्णन सविस्तर करतो. कोणी बदलून दुसरी दाखवू नये.

डोंगरात चालवायची, बॅटरीवर चालणारी, कार्बनच्या फ्रेमची, करडी सायकल. ही घेण्याचे कारण माझी मुलगी. एकुलती एक, प्रयोगशाळेत नोकरी करते. ती बारा वर्षांची असल्यापासून रविवारी सकाळी आम्ही दोघे दगडाच्या खाणीमागची टेकडी, माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, सायकलने चढत आलो. आधी मी वर थांबून तिची वाट बघायचो, मग ती माझी बघायला लागली, आणि मग मी अर्ध्यातून परत फिरायला लागलो. दम लागायचा. त्याला मी वय म्हटले. ती म्हणाली, "बाबा, मोटर लावा."

"मोटर लावलेली सायकल म्हणजे लंगडी म्हैस. तेवीस-चोवीस किलो."

"मग हलकी बनवा. एवढे कारागीर आहात ना? आणि आधी ती पाटी काढा."

पाटी काढली. मोटर मुद्दाम छोटी घेतली. मोठी मोटर माणसाला ओढून नेते, छोटी नुसती पाठीवर हात ठेवते. बॅटरीही छोटी, फ्रेमच्या पोटात बसणारी. घेतली तेव्हा सायकल अठरा किलो सहाशे भरली. टायरमधल्या ट्यूब काढून आत पंक्चर आपोआप बुजवणारे चिकाचे औषध भरले, तिथे चारशे ग्रॅम गेले. चाके बदलली. हँडल दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापले. पॅडल दगडाला घासू नये म्हणून क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, आखूड केले. लोखंडी बोल्ट काढून टायटॅनियमचे घातले. त्यातला एकेक वर सांगितलेल्या काट्यावर चढला आहे. मोटरने कुठे किती जोर लावायचा ते फोनवरून ठरवता येते. सपाटीचा, चढाचा आणि टाकीखालच्या शेवटच्या खड्या चढाचा, असे तीन जोर मी लावून ठेवले आहेत. शेवटचा कधीच वापरला गेलेला नाही.

आजचे वजन सोळा किलो चारशे ग्रॅम.

मुलगी दर रविवारी तिची साधी सायकल घेऊन दुकानाच्या दारात उभी राही आणि मी म्हणे, "हँडल थोडं उंच वाटतंय, पुढच्या रविवारी." असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. तिने मोजले असावेत. ती मोजणारी आहे.

कलम ५. शीळ. हे कलम वाटणीचे नाही, पण मुलीला अर्धेच ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवतो.

सायकल तयार झाली. खाणीच्या रस्त्याला एकटाच घेऊन गेलो. चढाला लागलो आणि बारीक शीळ ऐकू आली. सपाटीला नाही, चढालाच. मोटरवर ओझे पडले की. मी मनात म्हटले, मोटरचे बेअरिंग. ते बदलले. शीळ तशीच. मग मागच्या चाकाचे फ्रीव्हील खोलले. मग ब्रेकची चकती घासते म्हणून ती बदलली. मग सीटची नळी, मग चेन. दर वेळी मुलीला सांगितले, "आवाज येतोय, आवाज गेला की जाऊ."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला कुठून येणार? तीस वर्षं लागतात त्याला."

असे चार महिने गेले. शेवटी मीटरला म्हटले, तू चालवून बघ. तो चढून वरच्या वळणापर्यंत गेला आणि खाली आला. "मुकी आहे रे. एक शब्द बोलत नाही."

"तुझ्या कानात मळ आहे."

"बरं, तू चालव. मी शेजारून पळत येतो."

तो साठीचा माणूस माझ्या शेजारून पळाला. शीळ सुरू झाली. मी म्हटले, "ऐक." तो म्हणाला, "आली. थांब." मी ब्रेक लावला, पाय टेकला. चाके थांबली, मोटर थांबली. मीटर खाली वाकून फ्रेमला कान लावून ऐकत होता. मग तो सरळ झाला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सायकल उभी आहे. आवाज चालू आहे."

डॉक्टरांनी छाती तपासून विचारले, "हे कधीपासून?"

"चार महिने."

"चार महिने काय करत होतात?"

"बेअरिंग बदलत होतो."

ते हसले नाहीत. चार महिने आधी आला असतात तर, असे वाक्य त्यांनी सुरू केले आणि मध्येच सोडले. मला ते पूर्ण ऐकू आले.

मुलीला हे कळले तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, मला टाकीपर्यंत जायचं नव्हतं. जुन्या सायकलीवर निम्म्यापर्यंत गेलो असतो तरी चाललं असतं."  

कलम ६. वरील सायकल चार्जर व पंपासह माझ्या मुलीस मिळावी. मात्र अट अशी की सायकल तिच्या मापाची करून घ्यावी. सीट चार बोटे खाली, हँडल थोडे जवळ, आणि धक्के झेलणाऱ्या पुढच्या फोर्क व मागच्या शॉकमधील हवा तिच्या वजनाची. काम मीटरने करावे, त्याच्या आकड्यांच्या पान्याने. कार्बन अंदाजाने आवळला की तडकतो; त्या बाबतीत त्याचे खरे होते, हे मी इथे कबूल करतो.

ही अट तिला मान्य नाही. मागच्या आठवड्यात विचारले तर म्हणाली, "माझ्या मापाची करायची नाही. तुमची सायकल आहे."

"मी कुठे बसणार आता तिच्यावर?"

"मग उभी राहू दे."

उभी सायकल उभी राहत नाही, मरते. सहा महिन्यांत टायरमधला चीक वाळतो. बॅटरी चार्ज न करता ठेवली की बसते. फोर्कची रबरे सुकतात. भिंतीला टांगलेल्या सायकली मी पुष्कळ पाहिल्या. त्या टांगणारी माणसेही पाहिली. माझ्या मुलीने त्यांच्यातली एक होऊ नये. म्हणून एका वर्षात तिने सायकल आपल्या मापाची केली नाही, तर मीटरने ती खोलून सुटे भाग विकावेत आणि एक बोल्टही तिच्या घरी ठेवू देऊ नये. ती ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. मीटरही तिच्यापुढे पान्याला हात लावणार नाही. तरी लिहितो.

येथवर मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. महिन्याची सहा तारीख.

पुरवणी. वरील मृत्युपत्रानंतर सोळा दिवसांनी, गुरुवारी, त्याच खोलीत लिहिली. अक्षर बिघडले आहे, मजकूर माझाच आहे.

आज दुपारी मुलगी रजा काढून दुकानात गेली आणि सायकल इथे घेऊन आली. बायकोला म्हणाली, "आई, मागून धर."

"अगं, पडतील ते."

"नाही पडत. बाबा, बसा."

पुढचे चाक तिने गुडघ्यांत धरले, हँडल दोन्ही हातांत. मला दोघींनी मिळून बसवले. नाकातली नळी तशीच होती. मी तिला म्हटले, हा काय वेडेपणा. ती माझ्याकडे बघत नव्हती, फोर्ककडे बघत होती.

फोर्कच्या नळीवर एक काळी रबरी कडी असते. माणूस बसला की फोर्क दबतो, कडी वर सरकते आणि तिथेच राहते. एक चतुर्थांश सरकली तर हवा त्या माणसाच्या वजनाची. माझी हवा एक्क्याऐंशी किलोची होती. आजारात तीनदा थोडी थोडी काढली; चौथ्या वेळी पंपाला हात लावावासा वाटला नाही. काल डॉक्टरांनी वजन केले ते सत्तेचाळीस भरले. आज मी बसलो आणि कडी जागची जेमतेम हलली. मुलीने ते पाहिले. मी तिचे तोंड पाहिले.

मग तिने नखाने झडप दाबून थोडी हवा सोडली. "उठा." दोघींनी उचलले. "बसा." पुन्हा कडी पाहिली, पट्टी लावली. पुन्हा हवा. सहा वेळा उठवले, सहा वेळा बसवले. चौथ्या वेळेला मला धाप लागली, बायको म्हणाली, "पुरे गं आता." मुलगी म्हणाली, "श्वास घेऊ दे त्यांना, मग करू." सहाव्या वेळी कडी खुणेवर आली. मागच्या शॉकचेही तिने तसेच केले. आकडा चिकटपट्टीवर लिहून फोर्कवर लावला, खाली तारीख घातली, आणि तशीच हँडल धरून उभी राहिली. मी बसून राहिलो. फोर्क मऊ होता. खोलीतल्या खोलीत कळण्याइतका.

उतरल्यावर मी म्हटले, "पुढच्या आठवड्यात वजन आणखी उतरेल. हे माप चुकणार."

"माहितीये," ती म्हणाली. "गुरुवारी येते मी, पंप घेऊन."

सबब कलम सहामधील मापाची व वर्षाची अट मी रद्द करीत आहे. माझ्या शेवटच्या दिवशी सायकलीत जेवढी हवा असेल, तेवढ्या हवेसह ती माझ्या मुलीच्या ताब्यात द्यावी. मीटरने हात लावू नये. पुढे कोणी काही सुचवू नये, मीही सुचवत नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: बावीस, गुरुवार

सही (डाव्या हाताने उजवा धरून केली)

साक्षीदार:
१. उपचार करणारे डॉक्टर. वजनाचा आकडा बरोबर असल्याचे यांनी पाहिले.
२. शेजारचे शिंपी. सही माझ्यासमोर झाली. सायकलही पाहिली.

मुलगी लाभार्थी असल्याने तिची सही घेता येत नाही. ती शेजारी उभी आहे.