अध्यक्षसाहेब, लोळा

आदरणीय प्रसेनजितदादास,

धाकट्या नीलिमाचा सविनय जयभीम. तुझा गुडघा आता काय म्हणतो? कारंज्याच्या डॉक्टरने सांगितलेला पट्टा तू बांधतोस, की तो खुंटीला टांगून ठेवला आहेस? वहिनींना माझा नमस्कार सांग. स्नेहाच्या परीक्षेची काळजी तिच्यापेक्षा तूच जास्त करत असशील, ती जरा कमी कर. मी प्रकृतीने ठणठणीत आहे. बाकी, लेखी खुलासा मागितलेल्या शिक्षिकेने जितकं बरं असावं तितकी बरी आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या गावात फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि टाकीला लागूनच अध्यक्षांचा ओटा आहे. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

तू मोबाइलवर पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण पोचलं. 'अभिनंदन, तुमच्या शाळेचं नाव गाजलं' असं खाली लिहून तू फुलांचा गुच्छही टाकला होतास. फोटोत हाताला पांढरी पट्टी आणि गळ्यात हार घालून उभे आहेत ते आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उकंडराव. त्यांच्या मागे जो अर्धा कान दिसतो तो माझा. 'जिवाची पर्वा न करता अध्यक्षांनी चिमुकल्यांना आगीतून वाचवले' अशी बातमी आहे. त्यातला 'आग' हा शब्द तेवढा खरा आहे.

झालं असं. दिवाळीनंतर वरून आदेश आला की पहिली-दुसरीच्या मुलांना आगीपासून स्वतःचा बचाव शिकवा. सोबत एक रंगीत तक्ता. तक्त्यावर उंचच उंच इमारत आणि खाली सूचना: आग लागल्यास लिफ्टचा वापर टाळावा. (किन्हीराजाच्या पुढे आमचं हे गाव. इथे टाकीपेक्षा उंच काही नाही, आणि टाकीवर चढायला असलेल्या शिडीलाही वरच्या पायऱ्या नाहीत. तेव्हा लिफ्ट आम्ही आधीपासूनच टाळत आलो आहोत.) मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि माझे धडे मीच तयार केले. आगपेटी सापडली तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. धूर दिसला की खाली वाकून रांगत बाहेर. पलंगाखाली, कोठीमागे लपायचं नाही. अंगावरचा कपडा पेटला तर पळायचं नाही. थांबायचं, खाली पडायचं, तोंड झाकायचं आणि लोळायचं. बाहेर आलं की कडुलिंबाखाली रांगेत उभं राहायचं आणि काहीही आत राहिलं, अगदी नवी चप्पल राहिली, तरी परत जायचं नाही.

मुलांना हा विषय भलताच आवडला, कारण शाळेत अधिकृतपणे लोळायला मिळणारा तो एकच तास. गणवेशांचा रंग मातीचा झाला. आयांच्या तक्रारी आल्या. दुसरीतला संघदीप तर घरोघरी तपासणी करत हिंडू लागला. आपल्याच आजीच्या कमरेच्या पिशवीतली आगपेटी त्याने भर ओट्यावर जाहीर केली. म्हातारी बिड्या ओढते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, ते गावाला कळलं. आमची खिचडी शिजवणारी गोमतीबाई चुलीपुढे बसली की चार पोरी येऊन उभ्या राहायच्या, पदर खोचल्याशिवाय हलायच्या नाहीत. "बाई, तुमच्या पोट्ट्यायनं माह्या पदरावर पहारा बसवला," असं ती मला म्हणायची, पण पदर खोचायची.

अडचण आली ती दाराची. माझ्या वर्गाला दारं दोन. पुढच्या दाराला लागूनच गोमतीबाईची चूल आहे. मागचं दार बाहेरून कुलूपबंद, आणि त्याला टेकून उकंडरावांचं सोयाबीनचं कुटार. (बाजारपेठेत राहून विसरला असशील म्हणून सांगते: मळणीनंतर उरतो तो वाळका भुसा, जनावरांचा चारा, आणि काडी दाखवण्याचा अवकाश की भडकणारा.) अध्यक्षांचं वावर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे, मळणीयंत्र तिथेच उभं राहतं, शाळेची भिंत आयती मिळते. पोरांनी कुटारात उड्या मारू नयेत म्हणून कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या घरी. मी दोनदा गेले, हात जोडून सांगितलं. "मंग ढोरं काय खातीन, बाई? तुमचा धडा खातीन काय?" असं त्यांनी विचारलं. वर समजही दिली की शाळेत उठसूट आगीचं नाव काढणं अभद्र आहे, अशानं आग लागते. आमचे मुख्याध्यापक इंद्रभान सर निवृत्तीच्या काठावर आले आहेत, त्यामुळे ते कोणत्याच काठावरून उडी मारत नाहीत. "एका दारानं शिकूनच मी हेडमास्तर झालो," एवढंच ते बोलले.

आणि डिसेंबरात आग लागली. गोमतीबाई चुलीतली राख वर्षानुवर्षं शाळेमागच्या खड्ड्यात टाकते. त्या दिवशीही टाकली. खड्डा जिथे होता तिथेच होता, कुटार तेवढं पसरत पसरत खड्ड्यापर्यंत आलं होतं. राखेत निखारा राहिला असावा, वारा होताच. मागच्या दाराच्या फटीतून धूर आत आला. मी तोंड उघडायच्या आत संघदीपने "खाली वाका" म्हटलं आणि अख्खा वर्ग गुडघ्यांवर आला. दादा, एकही पोर रडलं नाही. रांगत रांगत पुढच्या दाराने बाहेर, कडुलिंबाखाली रांग, मोजून घेतली, सगळी होती. मोजून झाल्यावर मी त्या झाडाला टेकले. पहिलीतल्या एका पोरीने मला रांगेत सरळ उभं राहायला सांगितलं.

आता मोठ्यांचं ऐक. इंद्रभान सरांनी धूर आत येऊ नये म्हणून ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. नंतर ते कपाटामागे सापडले. (लपायचं नाही हा धडा माझ्या वर्गातून त्यांच्या खुर्चीपर्यंत रोज ऐकू जायचा.) गाव धावून आलं आणि अर्ध्या गावाने मोबाइल बाहेर काढून आग कशी दिसते ते टिपलं. उकंडराव आले ते तडक कुटारात घुसले. मुलांसाठी नाही, कुटारावरच्या नव्या ताडपत्रीसाठी. ती ओढताना त्यांची बाही पेटली आणि अध्यक्ष पळत सुटले. मैदानाला एक चक्कर झाली, दुसरी सुरू झाली, पळतील तशी बाही जास्त पेटू लागली. तेव्हा कडुलिंबाखालून पहिली-दुसरीने एका सुरात ओरडायला सुरुवात केली: "अध्यक्षसाहेब, लोळा." रांग कोणी मोडली नाही. पण भरल्या गावासमोर अध्यक्ष मातीत कसे लोळणार? प्रतिष्ठेचा प्रश्न होता. शेवटी गोमतीबाईने ओलं पोतं टाकून त्यांना आडवं पाडलं आणि स्वतः लोळवलं. हाताला भाजलं, तेवढ्यावर निभावलं. तालुक्याहून बंब आला तेव्हा कुटार जळून संपलं होतं. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी गोमतीबाईची चूल विझवली.

पुढचं तुला वर्तमानपत्राने सांगितलंच आहे. जे सांगितलं नाही ते असं: निष्काळजीपणे राख टाकली म्हणून गोमतीबाईचं काम गेलं. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांना उद्देशून असभ्य शब्द वापरले ते कोणाच्या शिकवणीने, असा खुलासा माझ्याकडे मागितला आहे. (असभ्य शब्द म्हणजे 'लोळा'.) आणि सव्वीस जानेवारीला शाळेत अध्यक्षांचा जाहीर सत्कार आहे. त्या तालमीत माझी मुलं टाळ्या वाजवायला शिकत आहेत. काल एकीने विचारलं, "बाई, अध्यक्षानं आपल्याले कवा वाचवलं?" मी तिला पाढे म्हणायला लावले. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की डबा उघडला नाही. राग तर इतका आहे की तो कुठे ठेवू कळत नाही. पण खरं सांगू, रागापेक्षा भीती मोठी आहे. त्या दिवशी आग मागे लागली म्हणून आम्ही पुढून निघालो. चुलीकडून लागली असती तर माझी सगळी पोरं रांगत रांगत, अगदी शिकवलं तसं, त्या कुलूपबंद दाराशी गेली असती.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला पट्टा बांध.

तुझी,
नीलिमा

ता. क. सत्काराचं मानपत्र मीच लिहायचं आहे, असं ठरलं आहे. तू तुझ्या पतसंस्थेत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला 'चंदनासारखे झिजलेले' ठरवत आलास, तेव्हा हेही तूच लिहून पाठव. चंदन नको, ते पेट घेतं.

आणखी एक ता. क. मानपत्र राहू दे. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कामासाठी, वर ते लिहायचा धीर झाला नाही. या आठवड्यात तुरीचं कुटार आलं आणि त्याच दाराला टेकून पडलं. जुनं कुलूप जळून काळं झालं होतं म्हणून अध्यक्षांनी पदरचं नवं आणलं आहे, आणि शाळेला भेट म्हणून त्याचीही बातमी आली आहे. मी तालुक्याच्या शिक्षण विभागाला लेखी विचारलं, की दार नाही तर नाही, बाजूच्या खिडकीचे गज तरी कापू द्या. उत्तर आलं की प्रस्ताव समितीच्या अध्यक्षांमार्फत पाठवावा. तेव्हा आता विचारणं बंद. तुझ्या शेजारचा वेल्डिंगवाला मदनसिंग, त्याला रविवारी पहिल्या एसटीने कटर घेऊन पाठव. रविवारी शाळेत कोणी नसतं. शाळेची लाइट कापलेली नसली तर तीच, कापली असली तर माझ्या घरून वायर ओढू. कळल्यावर माझी नोकरी कदाचित जाईल. खिडकी मात्र परत बुजवायला त्यांना प्रस्ताव पाठवावा लागेल, आणि तोवर माझी पोरं चौथी पास होऊन गेलेली असतील.

मदनसिंगला एवढंच सांग की गज कापून बिजागरीवर उघडणारी जाळी बसवायची, सहा वर्षांच्या पोराच्या हाताने आतून ढकलली की उघडली पाहिजे. आणि तिला कडी लावू नको म्हणावं. कडी दिसली की आमच्या गावात कोणी ना कोणी कुलूप घेऊन येतंच.