भिंतीकडे तोंड

अंबलांगोड

पियसोम,

नावाआधी 'प्रिय' लिहायला हात वळत नाही. हे पत्र मी टपालातही टाकणार नाही. टाकलं तर तू तेसुद्धा कॅमेऱ्यासमोर रडत वाचशील.

बाबांनी तुला आपल्या नाटक मंडळीत राजपुत्र केलं, रंगमंचावर चालायला-बोलायला शिकवलं. तू कोलंबोला जाऊन सिनेमातला मोठा नट झालास आणि त्यांच्या आजारपणात एकदाही फिरकला नाहीस. आलास तो बाबा शवपेटीत निजल्यावर, पांढऱ्याशुभ्र सारोंगमध्ये, टीव्हीवाल्यांना घेऊन.

मयताच्या घरात तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवतात, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तू मात्र स्वतःचा मुकुटातला फोटो सरळ केलास, छातीशी धरलास आणि हंबरडा फोडलास. कॅमेरावाला म्हणाला, "सर, उजेड कमी पडला." तू डोळे पुसलेस आणि पुन्हा हंबरडा फोडलास.

आत्या म्हणाली, "भिक्षूंना जरा थांबायला सांगा. याचं रडणं अजून जमलेलं नाही."

तू गेल्यावर तो फोटो मीच उलटा केला.

काल सातव्या दिवसाचं दान झालं. भिक्षू जेवून गेल्यावर मी सगळ्या तसबिरी सरळ केल्या. तुझ्या फोटोला हात लावला, तशी तुझा एकही सिनेमा न चुकवणारी आई म्हणाली, "तो राहू दे तसाच."

"का गं?"

"माझ्या वेळी येईल ना तो. तेव्हा त्याला सरळ करायला उलटा फोटो लागेल."

लोक जिला अजून तुझी बहीण म्हणतात ती,
यसवती