पाटे की स्प्रिंगा

२ जून, रविवार. सकाळ.
ट्रक घेतला! सेकंडहँड पिकअप, पण छाती काय आहे! लेकीचं अख्खं सामान मागच्या हौद्यात मावेल. बावीस तारखेला तिला हॉस्टेलवर सोडायचंय. हायवेने काय, कुणीही जातं. आम्ही बापलेक डोंगरातल्या जुन्या कच्च्या रस्त्याने जाणार. ती एवढीशी होती तेव्हापासून कबूल केलेलं आहे. तेवढं मागचं सस्पेन्शन बदलायला हवं. रिकामा ट्रक स्पीडब्रेकरवर बकरीसारखा उडतो. ही म्हणाली, घरापासून तुमच्या शोरूमपर्यंत सरळ डांबरी रस्ता आहे. हिला दूरदृष्टी कमी.

५ जून, बुधवार.
शोरूममध्ये दिवसभर अभ्यास. टाइल्स आपोआप विकल्या जातात, माझी गरज नसते. तर निष्कर्ष. मूळचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या: ओझं दणक्यात वाहतात, पण रिकाम्या गाडीत कंबर मोडतात. स्प्रिंगा: मऊ, चाक खड्ड्यात अलगद उतरतं, पण ओझं टाकलं की गाडी डुलते. शिवाय मागचा सगळा सांगाडा कापून वेल्डिंग. हवेच्या पिशव्या: बटण दाबलं की गाडी वर, बटण दाबलं की खाली. फुटली की बसा शंख करत.
निर्णय: स्प्रिंगा. पक्का.

९ जून, रविवार.
निर्णय थोडा पुढे ढकलला. मेकॅनिक मात्र ठरल्याप्रमाणे आला. आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्येच ट्रक मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवला. चाकं काढली, जुने पाटे काढले. मग मला विचारलं, आता काय बसवायचं? मी उलट त्याचं मत विचारलं. म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाल ते. स्प्रिंगा चांगल्या का? म्हणाला, चांगल्या. पाटे? तेही चांगले. असा माणूस काय कामाचा!
एक बारीकशी अडचण. हिची छोटी गाडी माझ्या ट्रकच्या मागे भिंतीला लागून उभी आहे. ट्रक हलल्याशिवाय ती निघणार नाही. हिला सांगितलं. हिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. म्हणजे हरकत नाही.

११ जून, मंगळवार.
ही बँकेत चालत गेली. व्यायाम होतो. तसं बोलूनही दाखवलं. चूक झाली.
दुपारी एक गिऱ्हाईक बाई दोन पांढऱ्या टाइल्समध्ये तासभर अडकल्या. मी ठणकावून सांगितलं, बाई, माणसाला निर्णय घेता आला पाहिजे. आज हवेच्या पिशव्यांकडे कल आहे.

१६ जून, रविवार.
फोनवरच्या ट्रकप्रेमी ग्रुपमध्ये एक जण आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांना माझी कोंडी सविस्तर लिहिली. उत्तर लगेच: पाटेच घ्या, पण जाड, उंची वाढवणारे. डोंगरात पोट घासत नाही. मी विचारलं, तुमच्या ट्रकला काय बसवलंय? म्हणाले, माझ्याकडे स्कूटर आहे. हेच तर हवं होतं. पूर्वग्रह नसलेला माणूस.
लेकीने जेवताना विचारलं, बाबा, बावीस तारखेपर्यंत होईल ना? नाहीतर आत्ताच सांग, आई दुसरी सोय बघेल. मी हसलो. आजकालच्या मुलांना विश्वास म्हणून नाही.

१९ जून, बुधवार. संध्याकाळ.
बसले! जाड पाटे बसले! ट्रक घोड्यांवरून उतरला आणि उतरला असं वाटेचना, इतका उंच. मागून तर हत्ती. हिचा भाऊ बघायला आला होता. म्हणाला, दाजी, शिडी वेगळी मिळते का? पोटदुखी. मेकॅनिक जुने पाटे भंगारात टाकतो म्हणाला, म्हटलं, टाक. सुटका. मग तो गावी गेला. फोन लागणार नाही म्हणाला.

२१ जून, शुक्रवार.
ट्रायलला निघालो. बेसमेंटचा चढ झकास चढला. दाराशी ‘कर्र’ आवाज. वरची काँक्रीटची तुळई ट्रकच्या टपाला टेकली. तुळई खाली आलेली दिसते. बिल्डिंग खचत असणार. सेक्रेटरींना कळवलं. ते म्हणाले, बिल्डिंग आहे तिथेच आहे.
पुढे जाता येईना. रिव्हर्स घेऊन परत खाली.
सगळं मोजलं होतं. खड्ड्यांची खोली, दगडांची उंची, सगळं. घाबरायचं कारण नाही. उद्या सकाळी मार्ग काढतो.

२२ जून, शनिवार.
मार्ग सोपा. हौद्यात वजन टाकलं की मागची बाजू दबणार. सेक्रेटरी, वॉचमन, हिचा भाऊ, दुसऱ्या मजल्यावरचे पैलवान, सगळ्यांना हौद्यात बसवलं. ट्रक तसूभर दबला नाही. पैलवानांना उड्या मारायला सांगितल्या. काही नाही. मनातल्या मनात म्हटलं, बघा, निवड चुकली नव्हती! चाकांतली हवा सोडली. तरी दोन बोटं कमी. सेक्रेटरींना तिथेच उचकी लागली, त्यांना उतरवून घेतलं.
तेवढ्यात मागून हॉर्न. ही. म्हणाली, बाजूला घ्या. घेतला. हिची गाडी तुळईखालून सुळकन बाहेर.
गादी, पुस्तकं, बादली, टेबलफॅन. छोटी गाडी गच्च. पुढच्या सीटवर लेक, तिच्या मांडीवर उशी. मला जागा नव्हती. मी म्हटलं, उशी मी धरतो. ही म्हणाली, कुठे बसून? तिचंही बरोबर.
लेकीने काच खाली केली. म्हणाली, बाबा, ट्रक छान दिसतो हं. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. मग चष्मा दोनदा पुसला. बेसमेंटमध्ये धूळ फार.

२३ जून, रविवार.
हिने परत आल्यावर सांगितलं, हायवेने दोघी गाणी म्हणत गेल्या.
ट्रकमध्ये जाऊन बसलो. सीट आरामशीर आहे. पाट्यांबद्दल तर प्रश्नच नाही, एकही दणका बसत नाही. उभ्या गाडीत बसत नाही हे खरं. वॉचमनने विचारलं, साहेब, कुठे निघालात? मी म्हटलं, जरा डोंगरात.
ठराव: तुळई वर घेण्याबद्दल सेक्रेटरींशी बोलायचं.

२४ जून, सोमवार.
बोललो. तुळईवर चार मजले आहेत म्हणे. कारणं सांगायला सगळे तयार.

७ जुलै, रविवार.
मेकॅनिकचा फोन अजून बंद. लेकीला भेटायला बसने निघालो. ही सकाळी कामात होती, म्हणाली, तुम्ही दोघं बोला निवांत. लेकीला आवडतात म्हणून खारे शेंगदाणे घेतले. जागा शेवटच्या रांगेत मिळाली. पहिल्याच खड्ड्यात डोकं टपाला आपटलं, दुसऱ्यात शेंगदाणे सांडले. कंडक्टर तिकिटं द्यायला आला तेव्हा जाणकार सुरात विचारलं, मागे काय बसवलंय हो, पाटे की स्प्रिंगा?
म्हणाला, माणसं बसवलीत, काका. तुम्हीही बसा.
बसलो.