वहिनींस, परवाना आल्याचे कळवण्यास उशीर झाला

सौ. वहिनींना,

तुमच्या धाकट्या आणि (दादाच्या मते) बिनकामाच्या दिराचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तो विचारल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून आधी गुडघा, मग जगाच्या उलाढाली. जिना चढताना कठड्याला धरता, की अजून "मला काय धाड भरलीय" म्हणत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढता? पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नका. घरी पाठवलं असतं तर दादानं फोडलं असतं. आणि फोन करावा तर तो स्पीकरवर टाकतो. मग मी काय बोललो ते आधी त्याला कळतं, मग शेजाऱ्यांना, आणि उरलंसुरलं तुम्हाला. (मुख्याध्यापकांनी विचारलंच तर पालकाचं पत्र आहे म्हणून सांगा. अक्षर तसंच आहे.)

मला कामाचा परवाना मिळाला हे दादानं तुम्हाला एका वाक्यात सांगितलं असणार. त्याची सगळी बोलणी तार केल्यासारखी. पण मधे काय काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून हा खटाटोप. इथं परदेशी विद्यार्थ्याची पदवी झाली की तो लगेच कामाला लागू शकत नाही. अर्ज करायचा आणि परवान्याचं कार्ड पोस्टानं यायची वाट बघत बसायचं. तोवर काम करायचं नाही, फुकटसुद्धा नाही. कार्ड आल्यावरही काम शिकलेल्या विषयातलंच हवं, तेही ठरावीक मुदतीपुरतं. हे सगळं आम्हाला कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतल्या बाईंनी समजावलं. आम्ही त्यांना नियमताई म्हणतो. स्वभावानं गाईसारख्या, पण तोंडातून नियमाशिवाय काही निघत नाही. त्यांना नमस्कार केला तरी तो कोणत्या कलमाखाली केला ते विचारतील असं वाटतं.

या "फुकटसुद्धा नाही"नं आमची झोप उडवली. आमची म्हणजे माझी आणि माझ्या खोलीतल्या मास्तरांची. हे आधी गणिताचे मास्तर होते, पुढं शिकायला म्हणून चाळिशीत इथं आले आणि माझ्यासारखेच कार्डाकडे डोळे लावून बसले. एकदा घरमालकीण बाईंनी त्यांना कपाट सरकवायला बोलावलं. मास्तरांनी सरकवलं. बाईंनी खूश होऊन त्यांच्या हातात एक नोट कोंबली. मास्तर पांढरेफटक पडले, नोट कपाटावर ठेवली आणि "हे काम नव्हतं, ही मदत होती!" असं ओरडत जिना उतरून पळाले. त्या बाई अजून मला विचारतात, तुझा मित्र कपाटाला का घाबरतो?

मला त्या काळात बिस्किटांच्या कारखान्यानं बोलावलं होतं. अन्नप्रक्रियेची पदवी घेतलेला माणूस, म्हटलं मोठमोठे प्रश्न विचारतील. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी एक बिस्किट पुढं केलं आणि मोडायला सांगितलं. मोडलं. कान लावून ऐकलं का म्हणाल्या. नाही म्हटलं. दुसरं दिलं. अशी निम्मी बशी मोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, तुझी नेमणूक झाली, परवाना आला की ये, मी थांबते. वहिनी, लहानपणी चहात बिस्किट बुडवून मोडलं की मी तुमच्याकडे चमचा मागायचो. त्याच विद्येवर मला नोकरी मिळाली.

बाबांना हे कळवलं तेव्हा ते फोनवर केवढे हसले होते, तुम्ही होतातच तिथं. आयुष्यभर वजनमापांचा निरीक्षक म्हणून दुकानादुकानात तराजू तपासत हिंडलेला माणूस, त्यांचा पहिला प्रश्न, "पुड्यावर लिहिलेलं वजन पुरतं भरतं का रे?" मी म्हटलं, अजून मला आतच घेतलेलं नाही. तर म्हणाले, "मग बाहेरून एक पुडा विकत घे आणि तोलून बघ."

आणि मग बाबा पडले.

तुम्ही, दादा आणि डॉक्टर, तिघांनी मला तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. कोणाची खरी धरायची ते मला तेव्हाही कळलं नाही. मी नियमताईंकडे धावलो. म्हटलं, जाऊ का? त्यांनी पहिल्यांदाच नियमांचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "तुला कोणी अडवणार नाही. पण कार्ड हातात नसताना गेलास, तर परत येता येईलच असं मी सांगू शकत नाही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, तेही सांगू शकत नाही." मग त्यांनी मला प्यायला पाणी दिलं.

दादा म्हणाला, येऊ नको, एवढं काही नाही. तुम्ही म्हणालात, "भावजी, मी आहे ना." आणि बाबांनी फोन स्वतः मागून घेतला. आवाज खोल गेला होता, पण बोलणं निरीक्षकाचंच. "नियम आहे ना? मग थांब. कागद हातात नसताना जागा सोडायची नाही. मी कोणाला सूट दिली नाही, तुलाही देणार नाही." मी हसलो. तेही हसले असावेत, कारण पाठोपाठ खोकला आला. नोकरीत असताना एका म्हाताऱ्या भाजीवालीचं खोटं वजन जप्त करून ते घरी आले आणि रात्री जेवले नाहीत, हे आई सांगायची. जप्त मात्र केलंच. तसे बाबा. त्यांच्या शब्दावर मी थांबलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझ्याहून जास्त माहीत आहे. मला शेवटचं दर्शन तुमच्या फोनमधून झालं. वहिनी, निम्मा वेळ भिंगावर तुमचा अंगठा होता. मला बाबांचं कपाळ दिसलं, मग अंगठा, मग पंखा, मग कोणाची तरी पाठ, मग पुन्हा अंगठा. दादा मागून ओरडत होता, "नीट धर, त्याला दिसू दे." हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तेवढ्या गर्दीत आणि तेवढ्या रडण्यात माझ्यासाठी हात उंच धरून उभ्या राहिलेल्या तुम्ही एकट्याच होतात. इकडे मास्तर माझ्या शेजारी बसून होते. त्यांनी घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. एवढ्या पेन्सिली आमच्या घरात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्याच आठवड्यात कार्ड आलं. आमचा पोस्टमन एरवी आम्हाला खिडकीत बघून लांबूनच मान हलवायचा, नाही म्हणून. त्या दिवशी तो पाकीट उंच धरून जिना चढून वर आला, धापा टाकत, स्वतःला मुलगा झाल्यासारखा खुलून. मास्तर मागून त्याला हातानं खुणा करत होते. त्याला वाटलं तेही नाचताहेत, म्हणून त्यानं उंबऱ्यातच एक गिरकी घेतली. "आधी घरी कळव!" म्हणाला. मी हो म्हटलं. त्याचा हात हातात घेतला, हसलो, आभार मानले. एवढे महिने आमच्यासाठी झुरलेला माणूस, त्याचा आनंद कशाला मोडायचा? तो गेल्यावर मी कार्डावरचा माझा फोटो बघितला. दोन कान आणि मधे थोडा मी.

कामावर रुजू झालो. काम असं की भट्टीतून धडधाकट निघालेलं बिस्किट पुड्यात गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप तडकतं. कडा लवकर वाळतात आणि मधे ओल राहते, म्हणून. त्यावर उपाय शोधायचा. शोधतो आहे. पण एक दिवस मी तोलकाट्याकडे बघत होतो आणि मला खात्रीच पटली की काटा खोटं दाखवतोय. मी बटण दाबून पट्टा थांबवला. अख्खा कारखाना थांबला. यंत्रवाले आले, मुख्य बाई आल्या, काटा उघडला, पुसला, तपासला. काटा सोळा आणे खरा. माझंच कोपर काट्याच्या कडेवर टेकलेलं होतं. सगळे हसले, मीही हसलो. मग मुख्य बाईंनी सहज विचारलं, "काट्यावर असा संशय घ्यायला तुला शिकवलं कोणी?"

मी मैद्याच्या पोत्यांमागे गेलो आणि जे घरी, फोनवर, पोस्टमनसमोर, कुठंच झालं नव्हतं ते तिथं झालं. बाई थोड्या वेळानं आल्या. माझं तोंड मैद्यानं माखलेलं बघून त्या शेजारच्या पोत्यावर बसल्या. मग उठताना म्हणाल्या, "पट्टा मी सुरू करते. तू सावकाश ये."

रजा मंजूर झाली आहे. नियमताईंनी कागदावर सही केली. आता गेलो तर परत येता येईल म्हणाल्या. (मास्तरांचं कार्डही आलं. शिकवण्याची नोकरी लागली. मालकीण बाईंचं दुसरं कपाट त्यांनी स्वतःहून सरकवून दिलं.) तेव्हा मी येतोय. फार दिवस नाही, पण येतोय. दादाला नमस्कार, मुलांना पापे, आणि गुडघ्याला माझी शपथ.

तुमचा,
भावजी

ता. क. मी येतोय हे दादाला सांगू नका. तो स्टेशनावर घ्यायला येईल आणि वाटेत दोघांपैकी एकालाही बोलता येणार नाही.

ता. क. २ : एक विचारायचं राहिलं. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. शेवटी शेवटी बाबांनी मला बोलावलं होतं का? "थांब" म्हणाल्यानंतर, मागाहून? बोलावलं असेल तर मला "नाही" म्हणून कळवा. आणि बोलावलं नसेल तर "हो" म्हणून कळवा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना लक्षात आलं की अशानं तुम्ही काहीही कळवलंत तरी मला खरं ते कळणारच. म्हणून उत्तर देऊच नका. मी विचारलंच नाही असं समजा.

ता. क. ४ : द्या, वहिनी. जे असेल ते लिहा.