दोनशे गाढविणी उसवण्याबाबत

विहीणबाईंना, वाकून नाही पण मनापासून नमस्कार (कंबर धरली आहे).

तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीबुवांचा खोकला? आपली नात नीट जेवते का? तिन्ही उत्तरं एकदम कळवा, मला तुकड्यातुकड्यांनी वाट बघवत नाही. इकडे सगळं झकास. म्हणजे नोकरी जायच्या बेतात आहे, पण त्याकडे येतेच.

आधी गंमत ऐका. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात छापताना बिघडलेली पानं बायकांना घरी न्यायला मिळतात. बाकीच्या त्यांनी फळ्या झाकतात, मी शिवून पुस्तकं करते. सध्या माझं सगळ्यात लाडकं म्हणजे रंग सरकलेल्या वाघाचं. त्याला नाकं दोन आणि तोंड एकच, त्यामुळे तो सारखा विचारात पडल्यासारखा दिसतो (आमच्या ह्यांच्यासारखा). आणि एक शोध लागलाय! पातळ पान खिडकीच्या काचेला धरलं की मागचं चित्रही दिसतं, आणि पुढची राणी मागच्या म्हशीवर जाऊन बसते. काय ऐट तिची! परवा जेवणाची अख्खी सुट्टी मी राणीला म्हशीवर चढवण्यात घालवली, डबा तसाच राहिला. दुसरा शोध, न्हाणीतल्या गोगलगायीला एक फरशी ओलांडायला माझा पूर्ण कप चहा लागतो. हे पन्नाशीत कळतंय. शाळेत पाचवीत शिकवत असतील (माझं नाव चौथीत काढलं).

आता नोकरीचं. चित्रांचं एक नवीन पुस्तक आलं, म्हातारी गाढवीण आणि तिची मैत्रीण चिमणी. छापलेल्या कागदाच्या चार घड्या, एकावर एक ठेवून शिवायच्या. प्रत्येक घडीच्या पाठीवर काळी खूण असते, क्रम बरोबर असला की खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. आमचा मुकादम पुस्तक बघतच नाही, नुसते जिने बघतो. मी मात्र चित्रं बघते, डोळे आहेत कशाला? तर शेवटच्या घडीत गाढवीणच नाही! रिकामा गोठा आणि खुंटीवर एकटी चिमणी. म्हटलं, लहान लेकरांना असलं कोण देईल, ही छापणाऱ्यांचीच गफलत. मी चौथी घडी उचलून तिसरीच्या आधी घातली. आता चिमणी आधी वाट बघते, मग गाढवीण येते आणि दोघी डबक्यात नाचतात. जिना मोडत होता हे मलाही दिसत होतं, पण जिन्यापायी चिमणीला एकटं सोडायचं? दोनशे प्रती शिवून मोकळी झाले.

मुकादम बोंबलत आला. "अगं बाई, हे काय केलंस?"

"सुधारलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"चिमणीनं."

मग मालकांनी चित्रं काढणाऱ्या बाईंनाच बोलावलं. किडकिडीत, कोपराला निळा रंग लागलेला. उभ्याउभ्याच त्यांनी माझं पुस्तक बघितलं आणि उचकी लागेपर्यंत हसल्या (पाणी मीच दिलं). मग हळूच म्हणाल्या, "मावशी, छान आहे हो. पण हे तुमचं पुस्तक झालं. मला माझं हवंय." ओरडल्या असत्या तर मी बघून घेतलं असतं. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मालकांनी तेवढ्यात सांगून टाकलं, शनिवारपर्यंत दोनशेच्या दोनशे उसवून सरळ शिवून दे, नाहीतर सोमवारी येऊ नकोस.

मी घाबरलेली नाही. अजिबात नाही. फक्त सोमवारी कुठे जायचं तेवढं सुचत नाहीये.

नातीला माझ्याकडून दोन पाप्या.

आपली,
हट्टी विहीण

ता.क. तुम्ही तीस वर्षं ब्लाउज शिवता आणि त्याहून जास्त उसवता, असं माझी लेक म्हणते (मी नाही). तेव्हा गुरुवारी सकाळीच या. चष्मा आणि टाके उसवायची छोटी कात्री घेऊन. मालकांना विचारलंय. नाही म्हणू नका, मी नातीला सांगून ठेवलंय की तुम्ही येणार.

ता.क. दुसरा. सोळा प्रती सरळ केल्या. सतरावीला हात थांबला. खुंटीवरच्या त्या चिमणीची चोच उघडी आहे, विहीणबाई. गातेय ती! आधी नाच बघितला तरच कळतं कुणासाठी ते. बाईंचंच बरोबर होतं. मी नळ सोडून रडून घेतलं. मुकादमासमोर मात्र यातलं अक्षर काढू नका. त्याला मी ठणकावून सांगितलंय, चुकीचंच शिवतेय, पण बाईंचा मान राखून.