सुहासिनीच्या नावे परसबाग

मी, मंदाकिनी, कै. श्रीपाद बिवलकर यांची विधवा, वय वर्षे एकसष्ट, राहणार डोंबिवली, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे स्वखुशीने लिहून ठेवते. पोटाच्या दुखण्याने अंग खंगले आहे. डॉक्टर धीर देतात, पण माझ्याकडे बघून बोलत नाहीत. मन मात्र ठिकाणावर आहे.

१. राहते घर, विहीर व मागची परसबाग ही माझे दागिने मोडून माझ्या नावे घेतलेली आहेत. ती सर्व मी माझी मुलगी सुहासिनी हिला देते. त्यांत इतर कोणाचाही हक्क नाही. कारणही लिहिते, म्हणजे मागाहून कोणी माझ्या बुद्धीवर शंका घेणार नाही.

सुहासिनीला कल्याणला दिली होती. पहिल्यांदा ती परत आली तेव्हा यांनी समजूत घालून तिला स्वतः सासरी पोचवली. दुसऱ्यांदा आली तेव्हा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. हे ठाकुर्लीच्या वीजघरात कारकून, मुळातच अबोल. त्या दिवसापासून यांचे अन्नावरचे मन उडाले. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसून राही. एका सकाळी यांनी तिच्यापुढे खुरपे ठेवले.

"सुहास, मोगऱ्याला आळी करशील का? मला वाकवत नाही."

वाकवत होते. ती उठली. १९५२ साली हे गेले. तेव्हापासून बाग तिनेच राखली आहे. अजून ती फारशी बोलत नाही, पण सकाळी अंथरुणातून उठते ती झाडांसाठी.

२. चिरंजीव सुधीर, राहणार खोपट, याला पोस्टातील शिल्लक, यांचे घड्याळ व शिसवी कपाट द्यावे. घर का नाही, ते त्याला ठाऊक आहे. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, "आई, मागची झाडं काढली तर चार बिऱ्हाडं बसतील."

"आणि सुहास?"

"तिची एखाद्या आश्रमात सोय बघू."

मुलगा वाईट नाही. पण ती विहिरीवर होती, आणि तिने ते ऐकले. भरलेली बादली तिथेच ठेवून ती आत आली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

३. शेजारी राहणारे माझे दीर त्र्यंबकभाऊजी रोज आमची जास्वंद पूजेला नेतात. सुहासिनीच्या हातचे पाणी मात्र त्यांना चालत नाही. यापुढे फुले तिच्याकडे मागावीत व तिच्याच हातून घ्यावीत. नाहीतर बाजारात मिळतात.

४. बागेविषयी सुहासिनीस: पौषात मोगरा छाटावा, हात आखडू नये. चैत्र-वैशाखात दोन्ही वेळा पाणी घालावे, आळ्यांत पालापाचोळा पसरावा. मृगाआधी चर उपसावेत. गेल्या साली अनंताच्या मुळाशी पाणी साचले आणि तो गेला. दिवाळी झाली की शेणखत. रहाटाचा दोर दरसाल बदल. विहिरीवर एकटी असतेस.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या शीला कारखानीस यांनी करावी. सुधीरने आकांडतांडव केल्यास त्यांनी त्याला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

६. माझे दिवस चालू असताना चूल पेटली नाही तरी चालेल. भेटायला आलेल्या बायकांनी सुहासिनीला धरून बसवू नये. सकाळी तिला बादली घेऊन मागे जाऊ द्यावे.

हे वाचून घेऊन, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

मंदाकिनी श्रीपाद बिवलकर

साक्षीदार: गुरुदत्त वामन जयवंत; जया दिनकर प्रधान

डोंबिवली, दि. ११ फेब्रुवारी १९५७