राजघाटाचा रस्ता कोणाला विचारायचा

सर,

आज दुपारी तुमच्या घरी जाऊन आले. काकूंनी वाटीभर गोड दराबा खायला घातला, तुमच्याच खुर्चीवर बसवलं आणि जाता जाता एक प्रश्न विचारला. मी उत्तर टाळलं. खरं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, पण त्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा कधी जमलं नाही. सिंधीपुऱ्याच्या गल्लीत तुम्ही समोरून आलात की माझी मान आपोआप खाली जायची आणि हात नमस्काराला जुळायचे. या सवयीचाही मला राग येतो.

तुम्ही कॉलेजात गणिताचे. संगणकाचा विषय सुरू झाला तेव्हा दुसरं कोणी घेईना म्हणून तो तुमच्या गळ्यात पडला, आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर तुमचा जीव जडला. समजायला सोपा पण रडतखडत चालणारा प्रोग्राम घ्यायचा आणि एकेका पायरीने बदलत बदलत त्याला वेगवान करायचं. अट एकच, त्याचा अर्थ बदलता कामा नये. संध्याकाळी आम्ही तीन-चार जण तुमच्या ओसरीवर जमायचो. भिंतीवर फळा, शेजारी खिडकी. पायरी चुकली की तुम्ही भरपूर बोलायचात. बरोबर असली की एक शब्द नाही, नुसता खडू खिडकीत ठेवायचात. त्या खडूसाठी मी जीव टाकायचे. घरी आई विचारायची, आज एवढी खुशीत का, आणि तिला काय सांगणार की सरांनी खडू ठेवला.

माझा पहिला पेपर पुण्याच्या एका परिषदेत घेतला गेला, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो तुमच्यासमोर फळ्यावर पूर्ण मांडला. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत. मधेच एकदा उठून फळ्याजवळ गेलात, चष्मा वर केलात, परत बसलात. मग खडू खिडकीत ठेवलात. "जा, वाच बिनधास्त," म्हणालात. मी काकूंच्या पाया पडून घरी पळाले.

पुण्याच्या त्या सभागृहात तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. मला बरं वाटतं आहे, आपलं माणूस आहे म्हणून. माझं वाचून होतं, अध्यक्ष म्हणतात, कोणाला काही विचारायचं आहे का, आणि तुमचा हात वर जातो. तुम्ही इंग्रजीत विचारत नाही. सगळ्यांना मजा यावी म्हणून हिंदीत गोष्ट सांगता. बुऱ्हाणपुरात एक परका माणूस तापीवरच्या राजघाटाचा रस्ता विचारतो. पहिला म्हणतो, त्या पानवाल्याला विचारा. पानवाला म्हणतो, त्या पहिल्यालाच विचारा. आणि मग माझ्याकडे बघून, "झूठ किसीने नहीं बोला, बेटा. पर आदमी राजघाट पहुँचा क्या?"

सभागृह हसलं. चूक होतीच. माझी प्रत्येक पायरी खरी होती, पण शेवटी हाती आलेला प्रोग्राम उत्तरासाठी स्वतःकडेच बोट दाखवत बसायचा, कधी थांबायचाच नाही. ते मी तिथेच कबूल केलं, आजही करते. पण ज्या प्राध्यापकांकडे पुढच्या संशोधनासाठी माझी जागा जवळजवळ ठरली होती ते सगळ्यात जास्त वेळ हसत होते. चहाच्या वेळी ते कप घेऊन थेट तुमच्याकडे गेले. कुठल्या कॉलेजचे तुम्ही, म्हणाले, आणि तुम्हाला त्यांच्या टेबलाशी घेऊन गेले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी परत येऊन बाजारातल्या एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग आणि टॅली शिकवत बसले. तुम्ही रस्त्यात भेटलात की विचारायचात, "काय करून राहिली सध्या?"

इथवर मी तुम्हाला माफ केलं असतं. ऐनवेळी तुमच्या डोक्यात चमकलं असेल आणि शिक्षकाला राहवलं नसेल, अशी मीच माझी समजूत घातली होती. पण त्या दिवाळीत काकू फराळाचं ताट पुढे ठेवत अगदी कौतुकाने म्हणाल्या, "तुझ्या सरांनी तर त्याच दिवशी पकडली होती तुझी गलती. जेवताना मला म्हणे, पोरीचा पेपर तर गोल फिरून राहिला. मी म्हटलं, मग सांगा ना तिला, जाऊन राहिली बिचारी उद्या. तर म्हणे, सांगतो ना, तिथंच सांगतो."

तिथंच सांगतो. सर, हे दोन शब्द मी इतकी वर्षं चघळते आहे.

तुम्ही असं का केलंत हे मला पुढे कळलं. मीही मग उशिरा का होईना दुसरीकडे संशोधनात शिरकाव केला आणि अशा परिषदांना जाऊ लागले. तिथे माणसं आधी छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचतात, मग खाली गावाचं नाव, आणि मग त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे जाते, तिथे कोणी महत्त्वाचं उभं आहे का ते बघायला. तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने, रात्रभर बसमध्ये अवघडून अशा ठिकाणी गेलात आणि कोणी तुम्हाला चहाला चला म्हटलं नाही. त्या एका दिवशी तुमच्या हातात एक हमखास हसवणारी गोष्ट होती, तिचा मोह सुटला नाही. मला कळलं. कळल्यामुळे राग कमी होतो असं लोक म्हणतात. माझा वाढला. ती नजर काय असते हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही मला तिच्यापुढे ढकललंत.

म्हणून मी तुमचं प्रमेय वाचायला घेतलं. तुमचं एकुलतं एक, कुठल्याशा परिषदेच्या जाडजूड संग्रहात मागे कुठेतरी छापलेलं, ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी ते खोट काढायला वाचलं. तुमच्यावर प्रेम करणाऱ्या कोणी तुम्हाला इतकं बारकाईने वाचलं नसेल. आणि खोट सापडली. तीच, राजघाटाची. माझ्या फळ्यावर जी तुम्ही एका संध्याकाळीत पकडलीत, ती तुमच्या स्वतःच्या प्रमेयात आरामात बसून होती. तोवर तुम्ही गेला होतात. तुम्ही गेलात याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला संताप आला, कारण आता तुम्हाला समोर बसवून सांगता येणार नव्हतं.

मग मी ती पुण्याची परिषद बुऱ्हाणपुरात आणली. तुमच्या स्मरणार्थ, तुमच्याच कॉलेजच्या सभागृहात. सगळ्यांना वाटलं, काय ही गुरुभक्ती. पाहुण्यांना सकाळी मावा जिलेबी खिलवली, तुमच्या फोटोला हार घातला, काकूंना पुढच्या रांगेत बसवलं. कडक इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या. शेवटचं भाषण माझं होतं. मी तुमचं प्रमेय आदराने मांडलं, एकेक पायरी, आणि मग म्हटलं, या गावात एक परका माणूस राजघाटाचा रस्ता विचारतो. सभागृह हसलं, पुण्यापेक्षा जास्त. काकूही हसल्या, सगळे हसत होते म्हणून. त्या रात्री मला गाढ झोप लागली. खोटं कशाला बोलू?

पण आमच्या विषयातल्या लोकांची एक खोड तुम्हाला माहीत होती, मी विसरले होते. उभं असलेलं प्रमेय कोणी वाचत नाही. पडलं की गर्दी होते, आणि त्यातल्या भोकाला माणसाचं नाव देतात. आता जिथे जाईन तिथे कोणी ना कोणी भाषणाची सुरुवात तुमच्या आडनावाने करतं. त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव असतं, असलंच तर. मागे परदेशात एका मुलीने पडद्यावर तुमचं नाव हे एवढं मोठं लावलं आणि उच्चार चुकवला. मी भर सभेत उठून तो दुरुस्त केला. का केला, मला विचारू नका. नंतर चहाच्या वेळी तीच मुलगी मला म्हणाली, कुठल्या विद्यापीठात होते हे? मी तुमच्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं. तुमचं तोंड काळं करायला निघाले आणि तुमची मिरवणूक काढून बसले.

आज काकूंनी विचारलं, "नाव घेऊन राहिले ना लोक तुझ्या सरांचं?"

"घेऊन राहिले, काकू. खूप."

"मग ते चुकलेलं नीट होईल का गं? का असंच राहील?"

"बघून राहिले लोक," मी म्हटलं. त्यांनी माझ्या वाटीत अजून दराबा घातला.

सर, ते नीट झालं आहे. प्रमेयात फक्त एक अट कमी होती. पानवाल्याने त्या माणसाला पुन्हा पहिल्याकडे पाठवण्याआधी निदान एक पाऊल राजघाटाच्या दिशेने चालायला लावलं पाहिजे. तेवढं झालं की तो फिरत फिरत का होईना पोहोचतो, आणि तुमचं प्रमेय जसंच्या तसं उभं राहतं. माझा पेपरही त्याच अटीने उभा राहिला असता, ही गोष्ट वेगळी. ही अट मी कोणाला सांगितलेली नाही. पुष्कळ जण झटत आहेत, मला कच्चे मसुदे पाठवतात, कुठे अडलं ते मला दिसतं आणि मी म्हणते, छान आहे, चालू द्या. तुम्ही निदान तिथे तरी सांगितलंत. मी तिथेही सांगणार नाही. भोक राहू दे, नाव राहू दे, लोक हसू देत. अट या कागदावर आली आहे म्हणून हा कागद या घराबाहेर जाणार नाही. काकूंच्या हाती तर मुळीच नाही. वाचून त्या आनंदाने गावभर दाखवत फिरतील.

एक मात्र सांगते, तुम्ही ऐकणार नाही म्हणूनच. ती अट ज्या दिवशी सापडली, त्या दिवशी मी माझ्या घरच्या फळ्यापुढे बराच वेळ उभी होते. नंतर जेवायला बसले तेव्हा लक्षात आलं की खडू मी खिडकीत ठेवला आहे. माझ्याकडे खडू ठेवायला वेगळी वाटी आहे, आणि ती फळ्याच्या खालीच असते.